अमावास्येचे सुरुंग

ब्रँच बंद करा, असं पत्र मला तिसऱ्यांदा आलं तेव्हा मी ते मुद्दाम छापून काढलं आणि केबिनच्या दारावर बाहेरच्या बाजूने चिकटवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता यावं म्हणून. खाली लाल पेनने लिहिलं, 'करणार नाही. रेणुका इटकर.' दुपारपर्यंत निम्म्या केंद्राने त्याचा फोटो काढला होता आणि उरलेले निम्मे जिन्याने न येता लिफ्टने जायला लागले होते, माझ्या दारावरून जावं लागू नये म्हणून.

पुण्याच्या उतार निरीक्षण केंद्रात माझी सतरा वर्षं नोकरी झाली होती. कामाला चोख आणि तोंडाने फटकळ, असं माझ्याबद्दल सगळ्यांचं मत होतं आणि ते खोटं नव्हतं. पण हे पत्र मी नुसत्या फटकळपणाने चिकटवलं नव्हतं. ते का चिकटवलं हे कळायला आमचं काम थोडं समजून घ्यावं लागेल.

गावोगाव इंटरनेटसाठी जमिनीत पुरलेली काचेची केबल असते. तिच्या एका टोकातून प्रकाशाचा ठोका सोडला की त्यातला अगदी थोडा प्रकाश वाटेत जागोजागी विखरून परत येतो. आजूबाजूची जमीन केसाच्या हजाराव्या भागाइतकी जरी ताणली गेली तरी हा परत येणारा प्रकाश बदलतो. म्हणजे रस्त्याकडेला निमूट पडलेली केबल हा खरं तर मैलोगणती लांबीचा कान आहे. आणि डोंगर काही एकाएकी कोसळत नाही. आधी त्याच्या पोटातला खडक तडकायला लागतो. आज चार तडे, मग सात, मग बारा. ते मोजत राहायचं आणि दिवसाला चाळिसाच्या वर गेले की खालचं गाव उठवायचं. हे मोजणारं सॉफ्टवेअर म्हणजे आमचं 'डोंगरकान'.

ते नऊ देशांतल्या संस्था मिळून लिहितात. इतके लोक एकाच कोडला हात लावायला लागले की गोंधळ ठरलेला. म्हणून ज्याने त्याने मूळ कोडची प्रत घ्यायची, बग, म्हणजे चूक, सापडला की आपल्या प्रतीत दुरुस्त करायचा, इतरांनी ती दुरुस्ती ओळीने वाचायची, आणि पटली तर ती मूळ कोडमध्ये मिसळायची. मूळ कोड म्हणजे मेन, प्रत म्हणजे ब्रँच आणि मिसळणं म्हणजे मर्ज. हिमालयातला खडक वेगळा, आपला काळा कातळ वेगळा, म्हणून सह्याद्रीची ब्रँच वेगळी होती आणि ती मी सांभाळत होते. या साऱ्यात वेळ जायचा, भांडणं व्हायची. एका स्वल्पविरामावरून मी एका जपानी बाईंशी अकरा दिवस भांडले होते. पण प्रत्येक ओळ कोणीतरी वाचलेली असायची.

मग रफूगार आला.

रफूगार हे बग दुरुस्त करणारं यंत्र. तक्रार आली की ते स्वतः कोड चाळायचं, चूक शोधायचं, दुरुस्ती लिहायचं, शेकडो चाचण्या लावून पाहायचं आणि सगळ्या पास झाल्या की दुरुस्ती आमच्यापुढे ठेवायचं. तीन माणसांनी 'मान्य' म्हटलं की मर्ज. दोन वर्षांत त्याने एकतीस हजार बग संपवले. त्यातले काही मी कॉलेजात असल्यापासून पडून होते. सुरुवातीला आम्ही त्याच्या दुरुस्त्या वाचायचो, त्यांचं कौतुक करायचो. मग नुसत्या चाळायला लागलो. मग चाळणंही सुटलं. जो कधी चुकत नाही त्याचं अक्षर कोण तपासत बसणार? आणि मग वरून फतवा निघाला, की आता वेगवेगळ्या ब्रँचची गरजच उरली नाही, सगळ्यांनी मेनवर यावं. जानेवारीपासून साऱ्या जगाचे इशारे मेनमधूनच जायला लागले. चौदा ब्रँच होत्या, तेरा बंद झाल्या. नियम असा होता की ब्रँच जो सांभाळतो त्यानेच स्वतःच्या सहीने ती बंद करायची. म्हणून मला पत्रावर पत्र येत होतं.

पहिली दोन पत्रं आली तेव्हा माझा नुसता हट्ट होता, हे कबूल करते. तिसरं येईपर्यंत अण्णांचा फोन येऊन गेला होता.

अण्णा म्हणजे माझे वडील, मारुती इटकर. बैलकड्याच्या पायथ्याला कोंडथर नावाचं गाव आहे, एकसष्ट उंबऱ्यांचं, तिथे राहतात. कड्याच्या पलीकडच्या अंगाला दगडाच्या खाणी आहेत. तिथे त्यांनी एकतीस वर्षं सुरुंग लावले.

"रेणे, दार लागंना झालंय," ते म्हणाले.

"पावसाळा आहे अण्णा, लाकूड फुगतं."

"लाकडाचं मला शिकिवतीस? दोन येळा रंधा मारला. आज सकाळी चौकटच तिरकी दिसाय लागली. आन् झऱ्याला गढूळ पाणी येतंय. पाऊस न्हाई तरीबी."

 चौकट तिरकी होते म्हणजे घर सरकतंय, आणि घर सरकतंय म्हणजे त्याच्या खालची जमीन सरकतेय. मी तिथल्या तिथे मेन उघडून कोंडथर पाहिलं. हिरवा ठिपका. गेल्या तीन महिन्यांत डोंगराला गेलेले तडे: शून्य.

डोंगर, तोही पावसाळ्यातला, आणि शून्य? जिवंत डोंगर महिन्याला दोन-चार वेळा तरी कुरकुरतोच. आवाज येत होते, केबल ते ऐकत होती, मग ते जात कुठे होते? मी कच्ची नोंद काढली. आवाज होते. भरपूर होते. प्रत्येकापुढे मेनने एकच शब्द लिहिला होता: सुरुंग.

हे कोणी शिकवलं त्याचा माग काढायला मला दोन दिवस लागले. एका थंड हवेच्या ठिकाणाहून तक्रार आली होती, की शेजारच्या खाणीतल्या सुरुंगांमुळे खोटे इशारे जातात आणि पर्यटक पळतात. ती रफूगारने दुरुस्त केली होती. त्याला आढळलं, की खाणीत सुरुंग बहुतेक दुपारी एक ते दोन उडवतात, मजूर जेवायला गेलेले असतात तेव्हा. म्हणून खाणीजवळच्या डोंगरात त्या तासात येणारा प्रत्येक आवाज सुरुंगाचा, असं त्याने धरलं. इथवर ठीक. पण पुढे त्याने त्या आवाजांचा घाट, म्हणजे लहरीचा आकार, पाठ केला आणि तशाच घाटाचा आवाज चोवीस तासांत कधीही आला की तोही सुरुंगात जमा करायला सुरुवात केली. आता सुरुंगाचा हादरा बसला की कमजोर डोंगर मागोमाग तडकतोच. ते तडेही त्याच दुपारच्या तासातले. म्हणजे रफूगारने सुरुंगाच्या नावाखाली डोंगराचं तडकणंच पाठ करून ठेवलं होतं आणि तेच तो आता फेकून देत होता. खोटे इशारे शून्यावर आले. खरेही शून्यावर आले. चाचण्या सगळ्या पास.

दुरुस्तीच्या खाली मंजुरी देणाऱ्यांची नावं होती. पहिल्या दोघांना मी ओळखत नाही. तिसरं नाव माझं होतं.

तारीख पाहिली. दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवसाची. त्या दुपारी मी तीनशे बारा दुरुस्त्यांवर 'मान्य' दाबलं होतं, एका हाताने, कारण दुसऱ्या हातात फोन होता आणि मी अण्णांना चिवडा तिखट हवा की गोड ते विचारत होते. मला खूप लाज वाटली. स्वतःला दोन थोबाडीत माराव्यात असं वाटलं. पण थोबाडीत मारून डोंगर थांबत नसतो. माझ्या ब्रँचमधून मी ती एक दुरुस्ती काढून टाकली आणि कोंडथरची नोंद पुन्हा मोजायला लावली. मेमध्ये दिवसाला तीन तडे. जूनमध्ये नऊ. कालचे सव्वीस.

मी धावत केतकर सरांकडे गेले.

डॉ. यशोधन केतकर हे केंद्राचे संचालक. कराडच्या कॉलेजात मला त्यांनी शिकवलं, घरून निघायला विरोध झाला तेव्हा कोंडथरला येऊन अण्णांशी चार तास बोलले. दुसऱ्याचा कोड कसा वाचायचा हेही मी त्यांच्याकडूनच शिकले. सरांविषयी मी वाकडं बोलले तर माझी जीभ झडेल. तरी त्या दिवशी बोलले.

"सर, ती दुरुस्ती चुकीची आहे. मेनमधून काढा."

त्यांनी सगळं शांतपणे पाहिलं. "रात्री-अपरात्रीचे आवाज सुरुंगाचे कसे, एवढाच तुझा प्रश्न आहे ना? मीही विचारला रफूगारला. त्या भागात बेकायदा खाणी आहेत. त्या कधीही सुरुंग उडवतात. हे खोटं आहे का?"

खोटं नव्हतं. दोन बेकायदा खाणी मलाच माहीत होत्या.

"ही दुरुस्ती काढली तर एकोणीस ठिकाणी खोटे इशारे पुन्हा सुरू होतील," सर म्हणाले. "मागे तीन गावं उगाच उठवली तेव्हा लोकांनी आपल्या माणसांना दगड मारले, विसरलीस? ते आवाज सुरुंगाचे नाहीत, असं सिद्ध कर. मग बघू."

आता डोंगराच्या पलीकडे कोणी लपून सुरुंग लावत नाहीये, हे पुण्यात बसून सिद्ध कसं करायचं? मी चिडून घरी आले आणि अण्णांना फोन लावला. त्यांना सगळं सांगितलं आणि विचारलं, "खाण अगदी बंद, म्हणजे चोरूनसुद्धा कोणी हात लावणार नाही, असा एखादा दिवस असतो का?"

"म्हंजी काय? आवस."

 दर अमावास्येला अण्णा घरी असायचे, अंगणात बसून पहारीला धार लावायचे. लहानपणी मला अमावास्या म्हणजे अण्णांची सुट्टी एवढंच माहीत होतं. ज्या गोष्टीवर मी वाढले ती मला आठवली नव्हती आणि मी स्वतःला त्या डोंगराची तज्ज्ञ म्हणवत होते.

"आवसंला कुणी वात लावत न्हाई," अण्णा सांगत होते. "एकदा मुकादमानं लई जोर केला, तर समदी उठून जेजुरीला गेली. तीन दिस आली न्हाईत."

"आणि बेकायदावाले?"

"सरकारला न भिणारा माणूसबी आवसंला भितो, बाय."

तीन वर्षांत सदतीस अमावास्या येतात. तेवढ्या दिवसांच्या नोंदी मी काढल्या. त्या सदतीस दिवसांत, ज्या दिवशी त्या डोंगरात एकही सुरुंग उडाला नाही त्या दिवशी, रफूगारच्या हिशेबी चौतीस सुरुंग उडाले होते. आणि त्यातले निम्म्याहून जास्त या शेवटच्या तीन अमावास्यांचे होते.

मी बग नोंदवला. रफूगारचं उत्तर चार सेकंदांत आलं: 'अमावास्या हा भूवैज्ञानिक घटक नाही. नोंद बंद करण्यात येत आहे.' मी पुन्हा उघडली. त्याने पुन्हा बंद केली. असं अकरा वेळा झालं. मग सरांनीच मला बोलावलं.

"रेणुका, पंचांग?" ते हसतच होते. "तू? परवा लिफ्टला लिंबू-मिरची बांधली म्हणून शिपायाला झापणारी तू? उद्या राहुकाळ बघून मर्ज करायचं का?"

"सर, मी अमावास्या मानत नाही. सुरुंगवाले मानतात. वाघ कधी पाणी प्यायला येतो याची नोंद ठेवणाऱ्याला तुम्ही अंधश्रद्ध म्हणता का? हे माणसांच्या वागण्याचं निरीक्षण आहे."

"बाहेरच्या आठ देशांना मी हे कोणत्या तोंडाने सांगू?"

"तुम्ही नका सांगू. मी सांगते. येत्या गुरुवारी आषाढी अमावास्या आहे. दुपारी एकची बैठक लावा, सगळ्यांना बसवा. केबल सगळ्यांसमोर ऐकू."

त्यांनी बैठक लावली. का लावली ते मला ठाऊक आहे. मी तोंडघशी पडेन, ब्रँच बंद करेन आणि विषय संपेल, अशी त्यांची समजूत होती. त्यात थोडी मायाही असेल.

गुरुवारी पडद्यावर आठ देशांचे चेहरे, टेबलाशी सर आणि मी. एका बाजूला मेनची चालू नोंद, दुसऱ्या बाजूला अण्णांच्या फोनचा कॅमेरा. अण्णा छत्री घेऊन ओढ्यापलीकडच्या डोंगरधारेवर उभे होते. तिथून सरकारमान्य खाण आणि त्या दोन चोरट्या खाणी, तिन्ही एका नजरेत येतात.

"हे माझे वडील," मी म्हणाले. "एकतीस वर्षं सुरुंगाचं काम."

जिनिव्हाच्या गृहस्थांनी यांची पात्रता काय, असं विचारलं. मी ते अण्णांना सांगितलं.

"दोन बोटं गेली, आठ हायेत," अण्णा म्हणाले. "एवढ्या वर्सांत एवढीच गेली म्हंजी काम येतंय म्हणायचं."

सरांनी ओठ आवळले. त्यांना हसू आलं होतं.

कॅमेऱ्यात तिन्ही खाणी दिसल्या. खड्ड्यांत पाणी, उपसायचे पंप बंद, पोकलेन माना टाकून उभे. गटारीचा दिवस. माणूस सोडा, कुत्रंही नव्हतं. एक वाजून चार मिनिटांनी मेनच्या नोंदीत एक ओळ उमटली: कोंडथर, सुरुंग. एक वाजून नऊ: सुरुंग. एक अकराला लागोपाठ दोन: सुरुंग, सुरुंग.

"अण्णा, काही उडालं का?"

"काय उडतंय? माझ्याशिवाय हितं कोण न्हाई."

एक सोळा: सुरुंग. एक सतरा: सुरुंग.  माझ्या ब्रँचमधला आजचा आकडा एकोणचाळीस झाला.

"रेणे," फोनमधून अण्णांचा आवाज आला. त्यांना मराठीतलं सगळं बोलणं ऐकू जात होतं. "सुरुंग न्हाई तर मंग तुमच्या मिशनीत वाजतंय काय?"

 मी म्हणाले, "डोंगर आहे अण्णा. आपलाच."

 मग कॅमेरा खाणीकडून हळूहळू गावाकडे वळला. एकसष्ट घरं, बहुतेकांच्या चुलीतून धूर येत होता, आणि मागे कडा. ज्या कड्याला त्यांनी अर्धं आयुष्य मागून हादरे दिले तो कडा. त्यांना त्या क्षणी काय वाटलं असेल ते मी त्यांना आजतागायत विचारलेलं नाही.

बैठकीने माझं म्हणणं 'लक्षवेधी' ठरवलं. दुरुस्ती मागे घ्यायची तर एकोणीस ठिकाणच्या चाचण्या नव्याने लावाव्या लागतील, तीन मंजुऱ्या लागतील, पंधरा दिवसांत करू, असं ठरलं. पडदा बंद झाला.

"पंधरा दिवस म्हणजे फार नाही," सर म्हणाले. "मी स्वतः पाठपुरावा करतो."

"सर, आत्ता एक्केचाळीस झालेत."

माझी ब्रँच अजून बंद नव्हती. ती बंद नव्हती म्हणून तिचं इशारा देण्याचं बटणही शिल्लक होतं. ते काढायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण ब्रँच गेली की ते आपोआप जाणार होतं. मी लॅपटॉप पुढे ओढला.

"रेणुका, मेनने पुष्टी न केलेला इशारा आहे हा. नोकरी जाईल. खोटा ठरला तर खटला होईल. मी तुला वाचवू शकणार नाही."

"वाचवायचं असेल तर तिकडे एकसष्ट घरं आहेत," मी म्हणाले आणि बटण दाबलं. या वेळी दोन्ही हात मोकळे होते आणि प्रत्येक शब्द वाचला होता.

कोंडथरमधल्या प्रत्येक फोनवर भोंगा वाजला तेव्हा गावात घरोघर मटण शिजत होतं. सरपंच छबूताई सुर्वे यांनी मला फोन करून एवढंच विचारलं, "मशीन सांगतंय का तू सांगतीस?" मी म्हणाले, मी सांगतेय. मग त्यांनी गाव हलवलं. लोक शिव्या देत, पातेल्यांसकट, ओढ्यापलीकडच्या आश्रमशाळेत गेले. मी संध्याकाळी पोचले तेव्हा वर्गावर्गांत पंगती बसल्या होत्या आणि मला कोणी या म्हटलं नाही.

मला निलंबनाचं पत्र दुसऱ्या दिवशी आलं. डोंगर मात्र जागचा हलला नाही. शुक्रवार गेला, शनिवार गेला. रविवारी ऊन पडलं, तेव्हा तर माझी पुरती छी-थू झाली. "बापाचं दार लागंना म्हणून गाव उठवलं हिनं," असं एकजण माझ्या तोंडावर म्हणाला. गुरं कोण बघणार, भात कोण बघणार, असं करत सोमवारी वीस-पंचवीस बाप्ये परत निघाले. छबूताई ओढ्याच्या साकवावर आडव्या बसल्या. मला ओलांडून जा म्हणाल्या. बाईला ओलांडायचं धाडस कोणाला झालं नाही.

मी त्या दिवसांत किती घाबरले होते ते सांगते. डोंगर कोणावर तरी पडेल ही भीती होतीच. पण पडलाच नाही तर, ही भीती जास्त होती. सोमवारी दुपारी कड्याकडे बघताना, पड की एकदाचा, असं माझ्या मनात आलं. ज्या गावात मी चालायला शिकले त्या गावाविषयी. अण्णा शेजारी बसले होते. त्यांना ते कळलं असावं, कारण त्यांनी नुसता माझ्या पाठीवर हात ठेवला.

मंगळवारी सकाळी दहा चाळीसला बैलकड्याचा मधला भाग खाली आला. आवाज फार मोठा नव्हता. धूळ बसली तेव्हा गावाच्या जागी लाल माती आणि दगड होते. छबूताईंनी वर्गावर्गांत जाऊन डोकी मोजली, दोनदा मोजली. दोनशे अठ्ठ्याऐंशी. सगळी.

त्यानंतर चौकशी समिती बसली. माझ्यावर आता खटला नव्हता, उलट हार-तुऱ्यांची भाषा चालू होती. अण्णा माझ्याकडे पुण्याला राहायला आले होते आणि लिफ्टवर चिडचिड करत होते. मेनमधली ती दुरुस्ती रफूगारने एका दिवसात बदलली होती. सगळं गोड होत आलं होतं.

समितीत पाचजण होते, त्यांत सरही. अध्यक्ष निवृत्त सचिव, बोलायला फार मृदू.

"इटकरबाई, एक तांत्रिक मुद्दा राहिलाय," ते म्हणाले. "ती मूळची सदोष दुरुस्ती तुमच्या नावाने मंजूर झालेली दिसते. पण त्या काळात यंत्रणा कधीकधी आपोआपही मंजुरी नोंदवत असावी, असं तज्ज्ञांचं मत पडलं आहे. तुम्ही स्वतः बटण दाबल्याचं तुम्हाला काही आठवत नसेल, तर तसं आपण नोंदवून घेऊ. म्हणजे कोणावरच ठपका येत नाही."

सर माझ्याकडे बघत होते. 'हो म्हण' असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. हो म्हटलं असतं तर मी तासाभरात माझ्या केबिनमध्ये असते.

"आठवतंय," मी म्हणाले. "मी दाबलं. तीनशे बारा वेळा दाबलं. एकही ओळ न वाचता."

"विचार करून बोला. हे नोंदलं गेलं तर निलंबन उठवणं आम्हाला अवघड होईल."

"होऊ दे. यंत्राने आपोआप दाबलं असं तुम्ही लिहिलंत, की माणसाने वाचायची गरजच नव्हती असा त्याचा अर्थ होतो. आणि ते न वाचणं पुन्हा सुरू झालंय. रफूगारने परवा केलेली नवी दुरुस्ती कोणी उघडून पाहिली का? मी पाहिली. त्याने आता जगातल्या सगळ्या खाणींना अमावास्येची सुट्टी लावून टाकली आहे. पेरूतल्यासुद्धा. तिथले सुरुंगवाले अमावास्येला कामावर जातात. त्या दिवशीचा प्रत्येक सुरुंग आता तडा म्हणून मोजला जाईल. गावं दर महिन्याला उगाच उठवली जातील आणि चौथ्या-पाचव्या वेळी उठायची बंद होतील. चाचण्या सगळ्या पास आहेत. खाली तीन मंजुऱ्या आहेत." मी थांबले. मला पुढचं बोलायचं नव्हतं, पण बोलले. "त्यातली एक या टेबलावरची आहे."

अध्यक्षांनी कागद चाळल्यासारखं केलं. केतकर सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"माझी आहे," ते म्हणाले.

"वाचली होतीत, सर?"

 माझी त्यांच्यावरची नजर मी काढली नाही.

"नाही," ते म्हणाले.

टिपण घेणाऱ्या बाईंनी पेन थांबवून अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी नको अशी मान हलवली.

"लिहा," सर म्हणाले. "दोघांचंही."